कोळीगीत कोणत्या साली संपले? न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावरून एक थ्रेड

१/ न्हावा शेवा म्हटले की क्रेन आणि कंटेनर डोळ्यांसमोर येतात. मूळात ही दोन गावांची नावे. या किनाऱ्यावरच्या हळदीत आज डीजे आणि बेंजो वाजतो, आणि कोणीतरी हमखास म्हणते, ‘खरी कोळीगीते पूर्वीची, आता नुसता गोंगाट.’ हे विधान इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते?

२/ ‘पूर्वीचे’ म्हणजे काय? ‘मी डोलकर’ लिहिले पुणे जिल्ह्यातील शांता शेळके यांनी. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. आवाज लता मंगेशकर आणि बंगालचे हेमंतकुमार यांचे. यामुळे गाण्याची गोडी उणावत नाही. पण आज अस्सलपणाचा मापदंड ठरलेले हे गीतही त्या काळी नवेच होते, आणि ते घडले स्टुडिओत.

३/ वाद्याचे पाहा. हळदीतला बेंजो अमेरिकन नव्हे. १९१२ च्या सुमारास जपानमधील नागोयात तैशोगोतो नावाचे कळांचे तंतुवाद्य तयार झाले. भारतात ते बुलबुल तरंग झाले, पुढे विजेवर चालू लागले. आज ‘परंपरा’ म्हणून मिरवणारा सूरही समुद्रापलीकडून आला.

४/ जुने मात्र पुसले गेले नाही. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते. तेराव्या शतकात महदंबेने रचलेले ‘धवळे’ हीसुद्धा विवाहगीतेच. एकाच मांडवात धवला आणि डीजे दोन्ही नांदतात.

५/ आता या किनाऱ्याचे काय झाले ते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना हनुमान कोळीवाड्यात वसवण्यात आले.

६/ ज्यांच्या वाट्याची खाडी भरावाखाली गेली, त्यांच्या नातवंडांनी केवळ होडी आणि जाळ्याचीच गाणी गावीत, ही अपेक्षा कोणाची? २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्या मागणीची गाणीही आगरी बोलीत निघाली. ती उद्याची ऐतिहासिक साधने आहेत.

७/ असेच इथिओपियाबाबत घडले. १९७४ च्या सत्तांतरानंतर अदिस अबाबातील रात्रीचे संगीतजीवन संचारबंदीत कोमेजले. १९९७ पासून ‘एतिओपिक’ या फ्रेंच मालिकेने आधीच्या ध्वनिमुद्रिका जगापुढे आणल्या, मुलातू अस्तात्के सर्वत्र पोहोचले. उपकार मोठा, पण बाहेरच्या अनेक रसिकांच्या लेखी ते संगीत तिथेच थांबले. देशात मात्र टेडी आफ्रोची गाणी घरोघरी वाजत होती, रोफनान पारंपरिक चालींना इलेक्ट्रॉनिक ठेका देत होता.

८/ आजचे प्रत्येक गाणे चांगले आहे, असे नव्हे. उसन्या चाली, यंत्राने सपाट केलेले आवाज पुष्कळ आहेत. सुमार गाणी पूर्वीही होती. काळाने ती गाळली, म्हणून ‘सुवर्णकाळ’ इतका लखलखीत दिसतो. नव्याला नापसंत करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, फक्त ते आधी ऐकलेले असावे. पुढच्या हळदीत बेंजो सुरू झाला की शब्दांकडे कान द्या: बोली कोणत्या गावची, आणि त्या गावाला आज किनारा उरला आहे का?