जालना ते रिओ, व्हाया परभणी

फॉरेन ट्रिप म्हटलं की आपल्या डोक्यात तीन-चार ठरलेली चित्रं येतात. थायलंडचा बीच, दुबईचं शॉपिंग, बालीचा हनिमून आणि बोनस बरा झाला तर युरोपची बस-टूर. मॅच बघायला परदेशी जाणारेही असतात, पण ते क्रिकेटवाले. लॉर्ड्सला जाऊन आलेला एखादा कलीग प्रत्येक ऑफिसात असतोच! तर मंडळी, या यादीत आता एक नवं डेस्टिनेशन ॲड करा. देश ब्राझील, निमित्त महिलांचा फुटबॉल वर्ल्ड कप, तारखा २४ जून ते २५ जुलै २०२७. आणि प्रवासी कोण? पुण्यात आयटीत नोकरी करणारी मी आणि जालन्यात राहणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली माझी आई.

हो, आई. मैत्रिणींचा ग्रुप नाही, नवरा नाही, टूर कंपनी तर नाहीच.

जालना तुम्हाला माहीत असेल ते स्टीलच्या मिल्स, बियाणं आणि मोसंबी यासाठी. कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. माणसं व्यापारी, हिशेबाला पक्की, बोलायला मोकळी. खेळाचं वेड? आहे की! २०१८ च्या डिसेंबरात आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरी रंगली, बाला रफिक शेखने गदा उचलली, तेव्हा अख्खं शहर तिकडे लोटलं होतं. आमच्या घरापर्यंत लाऊडस्पीकर ऐकू यायचा. आईने अंगणात गहू निवडत सगळ्या कुस्त्या ऐकल्या. ‘जाऊन का नाही बघितल्यास?’ असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, ‘बाया कुठं जातात का तिथं!’ बोर्ड कुणी लावला नव्हता. तरी सगळ्यांना माहीत होतं.

दुपारचे साडेतीन

आईचा वाढदिवस १ जून. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा तोच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख टाकून दिली की झालं! त्या हिशेबाने ३१ मे २०२३ ला ती रिटायर झाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या दुपारी मोकळ्या झाल्या. नेमका त्याच जुलैत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा वर्ल्ड कप सुरू झाला. तिकडच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे भर दुपारी, डीडी स्पोर्ट्सवर. चॅनेल बदलता बदलता आई तिथे थांबली ती थांबलीच.

महिनाभरात मला फोनवर ऑफसाइड समजावून सांगायला लागली. शिक्षिकाच ती! २ ऑगस्टला ब्राझीलची जमैकाशी ०-० बरोबरी झाली आणि ब्राझील बाहेर पडलं, तेव्हा तिने मला मीटिंगमधून उठवून फोन केला. मार्ताचा तो शेवटचा वर्ल्ड कप मानला जात होता. आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना मार्ता रडली होती. आपण लहान असताना डोळ्यासमोर ठेवायला एकही महिला खेळाडू नव्हती, असं ती सांगत होती. आईला इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचता येत नाहीत, पण रडण्याचं कारण तिला बरोबर कळलं होतं.

२० ऑगस्टच्या फायनलला मी मुद्दाम जालन्याला गेले. सिडनीत ७५,७८४ प्रेक्षक होते. जालन्यात आम्ही दोघी आणि मुरमुऱ्याचा चिवडा. ओल्गा कार्मोनाच्या एका गोलवर स्पेनने इंग्लंडला हरवलं. ‘केवढ्या बाया आल्यात बघायला,’ आई म्हणाली. ती मैदानाकडे नाही, स्टँडकडे बघत होती.

परभणीचा मुक्काम

ब्राझीलच का, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगायला हवा. बोअर नाही करणार, प्रॉमिस!

फुटबॉल म्हटलं की ब्राझील, हे समीकरण आपल्याला पाठ. पण याच ब्राझीलमध्ये १९४१ साली गेतुलिओ वार्गास यांच्या सरकारने हुकूम काढला की, बायकांनी त्यांच्या ‘प्रकृतीला न मानवणारे’ खेळ खेळू नयेत. त्यात फुटबॉल आलाच. ही बंदी उठली १९७९ मध्ये. पेलेने तीन वर्ल्ड कप जिंकले त्या सगळ्या काळात तिथल्या मुलींना फुटबॉल खेळणं बेकायदा होतं! मे २०२४ मध्ये बँकॉकच्या फिफा काँग्रेसमध्ये २०२७ चं यजमानपद ब्राझीलला मिळालं. दक्षिण अमेरिकेत महिलांचा वर्ल्ड कप भरण्याची ही पहिलीच वेळ.

हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती नुसतं ‘एकोणऐंशी’ म्हणाली. मग बऱ्याच वेळाने तिने मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. १९७९ मध्ये ती नववीत होती. शाळेच्या खो-खो संघात होती, पळण्यात पहिली. सामने परभणीला होते आणि एक मुक्काम होता. आजोबांनी नाव काढायला लावलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ‘मुक्काम आहे ना, मग नको,’ इतकंच. पुढच्या वर्षी तिने नाव दिलंच नाही. ब्राझीलला निदान हुकूम काढावा लागला. आमच्याकडे एका वाक्यात काम झालं.

मार्ताही चौदाव्या वर्षीच घराबाहेर पडली होती. आलागोआस राज्यातल्या दोईस रियाशोस या छोट्या, कोरड्या गावातून बसने तीन दिवसांचा प्रवास करून ती रिओला ट्रायलसाठी गेली. पुढे वर्ल्ड कपमध्ये १७ गोल. पुरुष असो की बाई, इतके कुणाचेच नाहीत. पाऊस हुलकावणी देणारा तो मुलूख टीव्हीवर बघताना आई म्हणाली, ‘हे तर आपल्या अंबडकडचंच दिसू राहिलं.’

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि ‘ब्राझील २०२७’ नावाची एक्सेल शीट बनवली.

दोन नावं, तीन जिल्हे

पहिली अडचण पासपोर्टची. ‘झुंड’ पाहिलाय ना? नागपूरच्या झोपडपट्टीतली मुलं परदेशात खेळायला निघतात आणि सिनेमाचा मोठा भाग कागदपत्रांच्या मागे धावण्यात जातो. रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचा बाप एका दाखल्यासाठी दारोदार फिरतात. थिएटरमध्ये मला ते जरा लांबलेलं वाटलं होतं. आईची फाइल उघडली आणि नागराज मंजुळेंना मनातल्या मनात सलाम ठोकला.

कारण आईची नावं दोन. माहेरची सिंधू, सासरची माधुरी. लग्नात तांदळात नाव लिहायची आपली गोड पद्धत! शाळा सोडल्याचा दाखला सिंधूचा, आधार माधुरीचं. जन्मगाव एकच, पण दाखल्यावर ‘ता. अंबड, जि. औरंगाबाद’, कारण जालना जिल्हा झाला तोच १ मे १९८१ ला. आधारवर ‘जि. जालना’. आणि औरंगाबादचं आता छत्रपती संभाजीनगर झालेलं. गाव जागच्या जागी, पण कागदावर तीन जिल्हे!

पासपोर्टच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो : तुम्ही कधी दुसऱ्या नावाने ओळखल्या गेला आहात का? तिथे पेन थांबलं. ‘सिंधू लिहू?’ आईने विचारलं. सदतीस-अडतीस वर्षांत ते नाव कुणी कागदावर मागितलंच नव्हतं. विवाह नोंदणी, प्रतिज्ञापत्र, खेटे असं सगळं झालं. शेवटी पासपोर्ट आला. सगळ्यात आधी तिने फोटो पाहिला नाही, व्हिसाची कोरी पानं मोजली.

तुमच्या आईचा पासपोर्ट काढायचा असेल, तर हा माझा फुकटचा सल्ला : तिकिटाच्या आधी दीड-दोन वर्षं कागदांना लागा.

प्लॅन असा आहे...

सामने आठ शहरांत आहेत : रिओ, साव पावलो, ब्रासिलिया, बेलो होरिझोन्ते, पोर्तो आलेग्रे, साल्वादोर, रेसिफे आणि फोर्तालेझा. देश केवढा अवाढव्य! सगळं बघू म्हणाल तर निम्मी ट्रिप विमानतळांवर जाईल. म्हणून आम्ही तीनच शहरं धरलीत. साव पावलोला उतरायचं, पाकायेंबू स्टेडियममधलं फुटबॉल म्युझियम बघायचं. मग रिओ, कारण माराकाना बघितल्याशिवाय परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता येणं. आणि शेवटी रेसिफे. तिथून दक्षिणेचं पुढचं राज्य म्हणजे मार्ताचं आलागोआस. जमलं तर तिच्या गावी एक चक्कर.

भारतातून ब्राझीलला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबा असा एक थांबा घ्यावाच लागतो. जालन्याहून मुंबई गाठणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालाय आणि रात्रीची देवगिरी आहेच. व्हिसासाठी ब्राझीलचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका : यलो फीव्हरची लस. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. ते पिवळं कार्ड नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावर क्वारंटाइन होऊ शकतं. साठीच्या पुढच्यांना डॉक्टर तब्येत बघून मगच ही लस देतात, म्हणून आईची तपासणी आधी.

कपडे? आपल्या जुलैत तिकडे हिवाळा. दक्षिणेला पोर्तो आलेग्रेत स्वेटर लागेल, पण रेसिफे उबदार आणि पावसाळी. म्हणजे छत्री घरूनच!

जेवणाचं टेन्शन मला होतं, आईला नाही. भात आणि घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ हे तिथलं रोजचं जेवण. फक्त उसळीत मांस आहे का, ते विचारून घ्यायचं. किलोवर जेवण देणारी हॉटेलं गल्लोगल्ली असतात. हवं ते ताटात घ्या, वजन करा, पैसे द्या. रेसिफेकडे कसाव्याच्या पिठाचे पांढरेशुभ्र डोसे मिळतात. आपला साबुदाणा त्याच कंदाचा आणि तो कंद मूळ दक्षिण अमेरिकेतलाच. ‘म्हणजे चतुर्थीची सोय झाली,’ आईचा निकाल.

भाषा पोर्तुगीज. आईने शंभर पानी वही केलीय. पहिल्याच पानावर तिला आपलेच शब्द सापडले : बटाटा, पाव, काजू, चावी, बादली, साबण. गोव्यामार्गे आलेले हे पाहुणे आपण कधीच घरचे करून टाकलेत. आता ती रिक्षावाल्यालाही ‘ओब्रिगादा’ म्हणते.

‘कुणाची डिलिव्हरी आहे का?’

खर्चासाठी आम्ही दोघींची एक आरडी उघडलीय. महिन्याला वीस हजार, दहा माझे, दहा तिच्या पेन्शनचे. बाबा येत नाहीत, कारण त्यांचं बियाणं-खताचं दुकान. जून-जुलै म्हणजे पेरणी, मान वर करायला फुरसत नाही. त्यांची एकच अट होती, आषाढीच्या आत परत या. ती आम्ही पाळतोय. चौदा रात्री, ग्रुप स्टेज बघून वापस.

नातेवाइकांना पचवणं जरा अवघड गेलं. मावशीने ऐकलं आणि विचारलं, ‘काहून गं, कुणाची डिलिव्हरी आहे का तिकडं?’ हसू नका, प्रश्न अगदी लॉजिकल आहे. आमच्या ओळखीतल्या तिच्या वयाच्या बायका परदेशी गेल्या त्या लेकीच्या नाही तर सुनेच्या बाळंतपणालाच. सहा महिने डिंकाचे लाडू वळायचे, बाळाला न्हाऊ-माखू घालायचं आणि नायगाराचा एक फोटो काढून परत. कामाशिवाय परदेश, तोही खेळ बघायला, तोही बायकांचा, आणि आपली टीम नसताना? कारण २०२३ पर्यंतच्या नऊ वर्ल्ड कपमध्ये भारत एकदाही नव्हता. (पुरुषांचं म्हणाल तर १९५० मध्ये ब्राझीललाच जायची संधी आली होती, संघ गेलाच नाही!) जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून आशियाई स्पर्धा गाठली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मावशीच काय, माझ्या ऑफिसातल्या फुटबॉलवेड्या पोरांनाही हे माहीत नव्हतं.

आई मावशीला म्हणाली, ‘काही काम नाही. बघायला चाललो.’

मला वाटतं, सगळं त्या दोन शब्दांत आहे. मुलींनी खेळावं म्हणून आपण आता बरंच बोलतो, शाळाही बोलतात, जाहिरातीही. पण खेळायला मैदान लागतं तसं बघायला कुणीतरी लागतं, आणि बघायला वेळ, पैसा, मुक्काम लागतो. आमच्या घरातल्या बायकांना हे तिन्ही ‘कशासाठी तरी’ मिळत आलं, नुसतं मजेसाठी कधीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. स्पेन १, कोलंबिया ०. मी गेले होते. त्या दिवशी कोलंबियाकडून खेळलेली लिंडा कायसेदो वर्षाच्या आत सिडनीत जर्मनीविरुद्ध गोल मारत होती. आपल्या लोकलच्या अंतरावर हे घडून गेलं आणि आई मात्र जालन्यातच होती. तिला विचारायचं मला तेव्हा सुचलंही नव्हतं. फुटबॉल आणि आई हे दोन शब्द माझ्याही डोक्यात एकत्र आले नव्हते.

तर, मंडळी, पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा आईला ‘तुला काय आणू’ऐवजी ‘तुला काय बघायचंय’ असं विचारून पाहा. उत्तर ब्राझीलच येईल असं नाही. ताडोबा येईल, लता मंगेशकरांचं पेडर रोडवरचं घर येईल, कदाचित नुसतं परभणी येईल. जे येईल त्याची एक्सेल शीट बनवा. घरून मॅच बघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, ब्राझील आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिकडची दुपारची मॅच म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. जागरणाची तयारी ठेवा आणि कॅमेरा स्टँडवर फिरला की नीट बघा. नऊवारी नाही, पण ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीखाली सलवार घातलेली एक बाई दिसली, तर ती जालन्याची समजा.