बेसबब मुलाकात

कोकणच्या किनाऱ्यावर आमच्या लोकांकडे एकमेकांच्या घरी जाण्याची कारणे मोजकीच उरली आहेत. निकाह असेल तर जायचे, मय्यत असेल तर धावत जायचे. मधल्या काळासाठी मोबाईल आहे. आम्ही वर्गात मुलांना उर्दूतले दोन शब्द शिकवतो. आजाऱ्याची विचारपूस म्हणजे ‘अयादत’ आणि मृताच्या घरी सांत्वन म्हणजे ‘ताजियत’. यांतले काहीच नसताना सहज जाण्यालाही नाव असायला हवे, असे वाटत होते.

म्हणून यंदा जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघे शिक्षक फज्रची नमाज अदा करून नाट्याहून रत्नागिरीकडे निघालो. गाडी सहकाऱ्याची, जुनी मारुती व्हॅन. वाटेवरच्या बी. एड.च्या वर्गमित्रांना भेटायचे, एवढाच बेत. फोन मुद्दाम कुणालाच केला नव्हता.

धारतळे मागे टाकून आडिवऱ्याला पोहोचलो. कलमांना मोहोर आला होता. महाकालीच्या देवळापासून जवळच आमच्या मित्राचे घर. तो मराठी शाळेत शिकवतो. आमच्या मराठीतले लिंगाचे घोळ बी. एड.च्या वर्षात त्यानेच निस्तरले होते. अंगणात तिघांना एकदम पाहून त्याच्या हातातली झारी खाली आली. “काय रे, सगळं ठीक ना?” ठीक आहे, सहज आलो, हे त्याला पटायला एक चहा लागला. मग घावणे आले.

त्याचे घाबरणे खोटे नव्हते. १८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार मरण पावला. बातमी कळल्यावर आमचे वर्गमित्र वाट वाकडी करून आमच्याकडे आले होते, हाही त्यांत होता. त्यानंतर मात्र भेटी झाल्या त्या लग्नमंडपात नाही तर कब्रस्तानाच्या किंवा स्मशानाच्या वाटेवर.

गावखडीनंतर मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की पूर्णगड. तिथला दोस्त कुवेतला असतो. घरी त्याची अम्मी एकटी. आम्हाला पाहताच तिने छातीवर हात ठेवला, “कोण गेलं रे?” कुणी नाही, तुम्हालाच भेटायला आलो, म्हटल्यावर ती दाराच्या चौकटीला टेकून बसली आणि मग हसू लागली. तांदळाच्या भाकऱ्या आणि तिसऱ्यांचे कालवण खाल्ल्याशिवाय तिने सोडले नाही. लेकाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडून पहिला प्रश्न तोच, “अम्मीला काय झालं?”

पावसमध्ये जोहर अदा केली. भाट्याचे सुरूबन आणि काजळीवरचा पूल ओलांडून असरच्या सुमारास राजिवड्यात शिरलो. इथला मित्र दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. त्याच्या खिडकीतून खाडी दिसते. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता, हे तोच आम्हाला नेहमी सांगायचा. “मीही आता थिबाच,” तो म्हणाला. “आठवड्यातले तीन दिवस इस्पितळ, बाकीचे दिवस ही खिडकी.”

एवढ्या तिन्ही घरांत त्याने एकट्यानेच ‘काय झालं’ असे विचारले नाही. बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मेल्यावर तर तुम्ही आलाच असतात. तेव्हा चहा कोण पाजणार होतं?” त्याच्या बायकोने आत जाऊन आधण ठेवले. त्याला पाणी मोजून प्यावे लागते. तरी अर्धा कप त्याने आमच्यासोबत घेतला.

मगरिबनंतर परतलो. दोन तासांचा रस्ता आम्हाला दिवसभर पुरला होता.

सोमवारी नववीच्या मुलांना आम्ही निबंधाला विषय दिला, ‘बेसबब मुलाकात’. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, सबबच नसेल तर घरी काय सांगून निघायचं?”