आघात

मुळाक्षरे शिकवताना ‘ञ’पाशी आलो की मी नेहमी अडखळत असे. च चमच्याचा, छ छत्रीचा, ञ कशाचा? पंचवीस वर्षे मास्तरकी केली, पण त्या बिचाऱ्याला मुलांना सांगण्याजोगा एक शब्द काही मला देता आला नाही. तो मिळाला २००५ साली, आणि तोही आमच्या चितेगावातच!

त्या वर्षी व्हिडिओकॉनने थॉमसन कंपनीचे पिक्चर ट्यूबचे कारखाने घेतले. त्यांतला एक इटलीत, रोमजवळच्या अनाग्नी गावी. आमचा धाकटा भाऊ इथल्या कारखान्यात होता. त्याला तिकडचे वेध लागले. एका रात्री तो इटालियनचे पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसला. “दादा, तुम्हाला लघु-गुरू कळतं. एवढे शब्द तोडून द्या.”

पहिलाच शब्द अनाग्नी. मी ‘अ-नाग्-नी’ असा तोडला आणि तोंडघशी पडलो. तिथे ग आणि न फोडायचेच नाहीत. दोघांचा मिळून आपला ञ होतो. अ-ना-ञ्ञी! पुढे मात्र मौज वाटू लागली. ते ‘पा-स्ता’ तोडतात. आपली देवनागरीही ‘स्’ला पुढच्या ‘ता’लाच चिकटवते. तेच व्यंजन दोनदा आले की मात्र फोडायचे : नोत्-ते, म्हणजे रात्र.

खरी पंचाईत आघाताची. बहुधा तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर. पण ‘तावोलो’त, म्हणजे टेबलात, पहिल्यावर. शेवटच्या अक्षरावर असला तरच त्याची खूण लिहिणे सक्तीचे, जशी ‘चित्ता’तल्या ‘ता’वर. (हा चित्ता म्हणजे शहर बरे का!) बाकी सारा कानाचा कारभार. ‘आंकोरा’त ‘को’वर जोर दिला तर अर्थ ‘अजून’; ‘आं’वर दिला तर जहाजाचा नांगर. माझे मात्रा मोजणे तिथे फुकट गेले.

आई धान्य निवडत ऐकत होती. तिने नांगर तेवढा उचलला. “हा गेल्यावर आपला नांगर कोण धरणार?”

कुणीच बोलले नाही.

धाकटा गेला. दर रविवारी फोन येई. आई विचारी, “कधी येतोस?” तो म्हणे, “अजून ठरलं नाही, आई.” एकदा तिने मला विचारून घेतले, त्यांच्या बोलीत ‘अजून’ला काय म्हणतात. पुढच्या रविवारी तो काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “आजही आंकोराच का रे?”

जोर ‘आं’वर होता. मी शेजारीच उभा होतो. चूक दुरुस्त केली नाही.