सशाचा कोट

आमची नात सांगलीला असते. वय वर्षे पाच. मी साताऱ्याहून तिच्याकडे गेलो की कंदी पेढे सूनबाईंच्या ताब्यात आणि आजोबा नातीच्या ताब्यात, अशी वाटणी होते. मग चित्रांच्या पुस्तकांचा ढीग पुढ्यात येतो. मागच्या खेपेला पाहतो तो काय, ढिगातला प्रत्येक प्राणी कपडे घालून बसलेला! १९३१ सालचा तो फ्रेंच बाबार हत्ती हिरव्या सुटात. पेरूहून लंडनला आलेलं १९५८ सालचं पॅडिंग्टन अस्वल कोटात. उघडा काय तो मी एकटा, बनियनवर. सांगलीचा एप्रिल होता हो!

“आजोबा, अस्वलाला एवढे केस असतात. मग त्याला कोट कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. “थंडी वाजत असेल,” मी म्हणालो.

“मग पँट का नाही घातली?”

हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुस्तकातले हे प्राणी कमरेच्या वर साहेब असतात, आणि खाली निसर्गावर भरवसा ठेवून हिंडतात.

आता हा शौक साहेबाच्याच जनावरांना आहे असं समजू नका. आपली चिऊताई काय कमी आहे? बाहेर कावळा पावसात भिजतोय आणि ही आत बाळाला अंगडं-टोपडं चढवत बसते. आपल्या गोष्टीतला उंदीर तर चिंधी घेऊन धोब्याकडे जातो, रंगाऱ्याकडे जातो, शिंप्याकडून गोंड्यांची टोपी शिवून घेतो, आणि ती हिसकावणाऱ्या राजाला ढोलकं बडवून शरण आणतो. बेंदराला आमच्याकडचे बैल झुली पांघरून निघाले की गावातली माणसं अंग चोरून बाजूला होतात. फक्त त्या जुन्या गोष्टीतल्या गाढवाचं नशीब फुटकं. त्यानं वाघाचं कातडं पांघरलं, तोंड उघडलं आणि मार खाल्ला. म्हणजे नियम सरळ आहे. कपडा स्वतःच्या मापाचा असला की मान, आणि दुसऱ्याचा असला की मार.

हा नियम मी फार लहानपणी शिकलो. गोष्ट साठ वर्षांपूर्वीची. अण्णा साताऱ्यात एका कचेरीत कारकून होते. सांगलीचा आमचा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दर दिवाळीला त्याच्या आखूड झालेल्या कपड्यांचं बोचकं आष्टा, इस्लामपूर, कराड करत एस. टी. तून साताऱ्याला यायचं. माझं बालपण म्हणजे दोन वर्षं उशिरा पोचलेलं सांगलीचं बालपण.

एका वर्षी बोचक्यात एक इंग्रजी पुस्तक निघालं. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर नावाच्या बाईंची १९०२ सालची पीटर सशाची गोष्ट. इंग्रजी कुणाला येत होतं? पण चित्रं येत होती. निळा कोट घातलेला ससा मळ्यात शिरतो, कोटाची बटणं जाळीत अडकतात, मळेवाला मागे लागतो, आणि ससा कोट तिथंच टाकून पळतो. पुढच्या चित्रात तो कोट बुजगावण्याच्या अंगावर! गंमत म्हणजे त्याच बोचक्यात एक निळा कोटही होता. बाह्या बोटांच्या खाली चार अंगुळं लोंबत होत्या. पण ससा ऐटीत हिंडतो तर आपण का नाही?

मे महिन्यात सांगलीला लग्न निघालं. आईनं मला तो कोट घातला. सांगलीत, मे महिन्यात! भर पंगतीत दादा ओरडला, “अरे, हा तर माझा कोट! आतल्या खिशाला शाईचा डाग आहे, बघा पाहिजे तर!”

लोकांनी बघितलं. डाग होता. सगळी पंगत हसली. आईसुद्धा हसली, पण तिचं हसू सगळ्यांच्या आधी संपलं.

मी सशानं केलं तेच केलं. कोट मांडवातल्या खुंटीला लावला आणि त्याच्याविना एस. टी. त बसलो. कराडच्या स्टँडवर आईनं विचारलं, “कोट रे?” मी म्हटलं, “हरवला.” मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. पण ती गप्पच बसली. पार घर येईपर्यंत.

दिवाळीनंतर साताऱ्यात थंडी पडली. एके दिवशी आई मला राजवाड्याजवळच्या शिंप्याकडे घेऊन गेली. जन्मात पहिल्यांदा माझं माप घेतलं गेलं! टेप काखेत गेली की गुदगुल्या व्हायच्या. शिंपी आकडे ओरडत होता, त्याचा पोऱ्या लिहून घेत होता. माझे आकडे! आठ दिवसांनी कोट आला. करडा, उबदार, बाह्या बरोब्बर मनगटावर. त्या दिवशी मी त्या उंदरासारखा ढोलकं तेवढं वाजवायचा राहिलो होतो.

त्या हिवाळ्यात अण्णा नुसत्या सदऱ्यावर, गळ्याला मफलर गुंडाळून कचेरीत जायचे. मी एकदा विचारलं, “अण्णा, तुमचा करडा कोट कुठंय?”

“मला उकडतं रे त्यात,” अण्णा म्हणाले.

साताऱ्यात, मार्गशीर्षात! आणि मला ते खरं वाटलं. मोठ्या माणसांना थंडी वाजतच नसेल, असा माझा समज झाला.

“आजोबा, सांगा ना! केस असून कोट कशाला?” नातीनं बनियन ओढलं.

“केस असले तरी थंडी वाजते गं.”

“मग त्यानं सांगायचं ना तसं!”

“मोठी अस्वलं सांगत नाहीत,” मी म्हणालो.

ती जरा वेळ विचारात पडली. पान उलटलं, परत मागं आणलं, चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाली,

“पण पँट नाहीच ना दिली त्याला कुणी!”