माथेरानला, दोघंच

लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेली बाई "आम्ही दोघंच दोन दिवस जाऊन येतो" म्हणाली, की घरीदारी पहिला प्रश्न ठरलेला. "का गं, सगळं ठीक आहे ना?" मुलांना घेऊन महाबळेश्वर, सासूबाईंना घेऊन गाणगापूर, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण केसांत रुपेरी बटा दिसू लागल्यावर नवरा-बायकोने नुसतं एकमेकांसाठी घर सोडायचं म्हणजे भुवया वर जातातच. जाऊ द्यात! मैत्रिणींनो, तुम्ही जा. आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर माथेरानला जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

माथेरानच का, तर तिथे पायी हिंडावं लागतं. मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. जायचं ते पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने. २००३ साली केंद्र सरकारने हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, पण मोटारींना मज्जाव त्याच्याही आधीपासूनचा. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. बरं झालं. त्या रिक्षात बसायला मला कधी धीरच झाला नाही.

आमचं सांगते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि पुढची सहा वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्या सहा वर्षांत आम्ही दोघं एकाच वेळी घराबाहेर पडलो असं झालंच नाही. हे घरी आले की मी भाजीला, मी आले की हे औषधांना. लग्नकार्याला एकाने जायचं, बारशाला दुसऱ्याने. त्या गेल्यावर घर मोकळं झालं खरं, पण आमचं बोलणं मात्र तसंच राहिलं, गॅस, लाइटबिल आणि "उद्या डबा आहे का?" एवढंच. ह्यांनी आईबद्दल आठ महिन्यांत अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटी खोली मीच ठरवली.

मुंबईकडच्या मैत्रिणींनी कर्जत लोकलने नेरळला उतरायचं, पुण्याकडच्यांनी कर्जतला येऊन लोकल धरायची. नेरळहून ती चिमुकली आगगाडी. दोन फुटी रुळांवरून सुमारे २१ किलोमीटरची वळणं घेत ती अडीच हजार फुटांच्या वर चढते, आणि त्याला अडीच तासांहून जास्तच वेळ लावते. आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधला आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. २००५ आणि २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तरी दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. पावसाळ्यात नेरळहून वर गाडी येत नाही, अमन लॉज ते माथेरान एवढीच चालते. म्हणून दिवाळीनंतर जावं.

या मार्गावर बोगदा एकच. इंग्रजांनी त्याला नाव ठेवलंय 'वन किस टनेल', म्हणजे एक मुका घेण्यापुरता अंधार! मी हे ह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. बोगदा आला, अंधार झाला, आणि ह्यांनी चष्मा सारखा करेपर्यंत उजेड! समोरच्या बाकावरच्या आजीबाई मात्र माझ्याकडे बघून खुदकन हसल्या.

राहायला टोलेजंग हॉटेल शोधू नका. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट या डोंगरावर आले, त्यानंतर इथे साहेबांनी आणि मुंबईच्या पारशी, बोहरी धनिकांनी बंगले बांधले. त्यांतल्या काहींत आता लॉज आहेत. ऐसपैस व्हरांडा, लाकडी आरामखुर्च्या, भोवती जांभळीची झाडं. बऱ्याच ठिकाणी चहा-नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण धरूनच दर असतो. "आज भाजी काय?" हे दोन दिवस कुणी विचारत नाही, याचं सुख तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या लॉजवर गरम पाणी बादलीने यायचं आणि गादी जरा टणकच होती. पण पहाटे झाडावर शेकरू दिसलं. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, आणि एका फांदीवरून दुसरीवर अशी झेप की मी चहा विसरले.

दुसऱ्या दिवशी शार्लट तलावाकडे निघालो. वाट तांबड्या मातीची, वर गर्द सावली. तलावाकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे क्षणभर टेकलो आणि पुढे एको पॉइंटला गेलो. कॉलेजातली पोरं-पोरी एकमेकांच्या नावाने ओरडत होती, दरी ती नावं परत देत होती. ती निघून गेल्यावर हे कठड्यापाशी गेले आणि त्यांनी हाक मारली, माझ्या नावाने, चांगली खणखणीत!

मी दचकलेच. आई झोपली आहे, आई जागी होईल, म्हणून आमच्या घरात सहा वर्षं सगळे दबक्या आवाजात बोलत आले होते. ह्यांचा आवाज मुळात एवढा मोठा आहे हेच मी विसरले होते. दरीतून नाव परत आलं. हे हसले, आणि मग गप्प झाले.

परतीच्या वाटेवर ते बोलायला लागले. शेवटच्या रात्री आईने पाणी मागितलं ते, तिच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या होत्या ते, आणि "तू थकलीस हे मला दिसत होतं, पण बोललो असतो तर आपण दोघंही रडत बसलो असतो," हेही. मी मध्ये बोलले नाही. मागून घोडा आला की बाजूला व्हायचं, तो गेला की पुन्हा चालायला लागायचं. लुईझा पॉइंटला पोचलो तेव्हा समोर प्रबळगडावर ऊन कललं होतं. पन्नाशीच्या घरातली दोन माणसं दगडावर हातात हात घेऊन बसली होती, आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता थोडं कामाचं. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, खोली स्वस्त पडते आणि वाटाही रिकाम्या असतात. नव्या चपला घालून जाऊ नका, तिथल्या बाजारात चामडी चपला मिळतात त्या परतताना घ्या, चिक्कीबरोबर. माकडं पर्स ओढतात, म्हणून खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. पांढरं काही नेसू नका, तांबडी माती काठाला बसतेच. लागली तर ओली असताना चोळू नका, वाळू द्या, झटका, मग धुवा. आणि टॉर्च मात्र आठवणीने घ्या. रात्री जेवून पाय मोकळे करायला निघालात तर झाडीतल्या वाटेवर दिवे तुरळक असतात. दोघांत एक पुरतो.