आमचं लायसन्स नाशिकचं!

वीकेण्ड आला की नाशिककराला हद्द ओलांडायची घाई. सापुतारा जेमतेम ऐंशी किलोमीटर. दमणला जायचं तर पेठवरून गुजरात पार करायचा, येतानाही तोच. म्हणजे समुद्रकिनारी ‘चिअर्स’ आणि परतीच्या रस्त्यावर सगळी दारूबंदी! तिथे पिऊन असणं हाच गुन्हा, मग स्टिअरिंग कोणाच्याही हातात असो.

माझा मावसभाऊ मात्र आग्रा रोडने इंदूरला गेला होता. मित्राचं लग्न, रात्री उशिराची पार्टी आणि नाकाबंदी. मशिनमध्ये फुंकर मारली, आकडा वर गेला, लायसन्स पोलिसांकडे. घरी येऊन साहेब एकदम कूल. ‘‘ताई, केस एमपीची, ती एमपीतच राहणार. मी इथे लायसन्स हरवलं म्हणून डुप्लिकेट काढतो.’’

जर्नालिस्ट बहीण असण्याचा तोटा असा, की ती कायदा वाचते. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि केंद्राचा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, ही रेषा इंदूरलाही तीच आणि कॉलेज रोडलाही तीच. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसन्स जसं देशभर चालतं, तसंच ते अपात्र ठरलं की देशभर बंद पडतं. पोलिसांनी घेतलेलं लायसन्स पुढच्या कारवाईसाठी लायसन्सिंग अधिकाऱ्याकडे जातं. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५ मध्येच राज्यांना सांगितलंय, पिऊन गाडी चालवली तर किमान तीन महिने सस्पेन्शन. आणि डुप्लिकेट? लायसन्सवर शिक्षेची नोंद झाली, की ती डुप्लिकेटवरही उतरते. शिवाय सगळा रेकॉर्ड आता ‘सारथी’वर. पंचवटीतल्या आरटीओत ‘हरवलं’ म्हणायचं, म्हणजे वर खोटं बोलल्याची नवी भानगड.

हे ऐकल्यावर तो गप्प झाला. दंडाचं त्याला काही वाटलं नव्हतं. पण नोकरी सेल्सची. सिन्नर, निफाड, मालेगाव सगळं स्वतः गाडी चालवत. बॉसला काय सांगणार? (मला वाईट वाटलं, पण त्या रात्री रस्त्यावर इतरही माणसं होती, हेही बोलून झालं.)

सध्या तो सीबीएसवरून एसटी पकडतो. मावशीला ‘गाडी सर्व्हिसिंगला दिलीय’ असं सांगितलंय. दोन महिने झाले, ती रोज विचारते, ‘‘अरे, मेकॅनिक पळून गेला का?’’