पित्त, लाइम आणि पुट्टाचं डोकं

माझ्या नातवाला दोन आज्या. एक मी, बेळगावची आजी. दुसरी धारवाडची अज्जी. सूनबाईचं माहेर कानडी, आमचं घर मराठी. नातवाचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच राहिलं आणि दोन्ही घरांत तो 'पुट्टा' झाला. चिरंजीवांची नोकरी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात, त्यामुळे पुट्टा जन्मापासून तिकडचाच. ही गोष्ट घडली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

2023 च्या जूनमध्ये एका सकाळी चिरंजीवांचा फोन आला, "आई, पुट्टाला गोचीड चावली."

मला हसूच आलं. माझं बालपण खानापूर तालुक्यातल्या खेड्यात गेलं. म्हशीच्या कानामागच्या गोचिडी ओढून काढून निखाऱ्यावर टाकणं हे आम्हा मुलांचं सुट्टीतलं काम होतं. म्हटलं, "काढून टाक आणि हळद लाव." तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, इथली गोचीड वेगळी."

खरंच वेगळी. ती हरणांच्या रानात असते आणि तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. चावलेलं कळतही नाही. दीड-दोन दिवस चिकटून राहिली तर तिच्या पोटातले जंतू माणसाच्या रक्तात उतरतात. या आजाराला लाइम म्हणतात. लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. लाइम हे त्याच कनेक्टिकटमधल्या एका गावाचं नाव. 1975 मध्ये तिथल्या पॉली मरे नावाच्या एका आईने आरोग्य खात्याला कळवलं, की आमच्या भागात इतक्या मुलांचे सांधे एकदम कसे सुजतात ते बघा. तिच्या घरातली आजारपणं ती कित्येक वर्षं लिहून ठेवत होती आणि डॉक्टर तिचं मनावर घेत नव्हते. तिच्या त्या टिपणांमुळे शोध सुरू झाला आणि पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने गोचिडीच्या पोटात तो जंतू पाहिला. हे सगळं मला नंतर सूनबाईने वाचून दाखवलं.

आपल्याकडेही गोचिडीला हसण्यावारी नेऊ नये, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. शिमोग्याच्या क्यासनूर रानात 1957 मध्ये माकडं मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली, तो 'मंगन कायिले' गोचिडीनेच पसरतो. त्याचा विषाणू निराळा, पण सुरुवात होते ती तापाने आणि भयंकर डोकेदुखीनेच. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्गात पोचला होता. म्हणजे आमच्या खानापूरपासून फार लांब नाही. असो.

पुट्टाच्या गुडघ्यामागे लाल चट्टा उठला होता, मधे फिका आणि भोवती कडं. डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या. चट्टा गेला, ताप गेला. जुलैत पोरगा पोहायला जाऊ लागला. दोन्ही आज्यांनी आपापल्या देवाला नारळ फोडला.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि डोकं दुखायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोजच. दुपारी शाळेतून फोन यायचा, घेऊन जा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर लाइमची तपासणी पुन्हा होकारार्थी आली. घरात कल्लोळ झाला. सूनबाई व्हिडिओवर रडत होती, "अत्ती, तो रोग अजून आतच आहे हो."

लाइम मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, हे त्यांनी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. ओळखीच्या कुणीतरी एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. ते म्हणाले, दंडातून नळी घालून कित्येक महिने प्रतिजैविकं द्यावी लागतील. खर्च ऐकून चिरंजीवांचा चेहरा उतरला, पण सूनबाई म्हणाली, घर विकू. आईच ती. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

त्याच सुमारास तिने मला फोनवर एक प्रश्न विचारला. मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली होती आणि त्यांनी आधी एक फॉर्म भरून मागवला होता. "अत्ती, आपल्या घरात कुणाला मायग्रेन आहे का? आमच्याकडे अव्वा नाही म्हणते."

मी म्हटलं, "छे. आमच्याकडे कुणाला नाही."

ऑक्टोबरात मी तिकडे गेले. निवृत्त शिक्षिका आहे, हजेरीपट मांडण्यात हयात गेली. गेल्या गेल्या चौकटीची वही मागितली आणि रकाने आखले: किती वाजता उठला, काय खाल्लं, पाणी किती प्यायला, डोकं कधी धरलं, कुठे दुखलं, काय औषध दिलं, किती झोपला. पॉली मरेबाईंची गोष्ट डोक्यात होतीच. पुट्टाला आधी मजा वाटली, मग कंटाळा आला. मी सोडलं नाही.

तीन आठवड्यांत वहीने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली म्हणजे पोरगा सकाळी काही खात नव्हता. सातला बस, सव्वासहाला उठवणं, दुधाचे दोन घोट, की पळ. शनिवार-रविवारी मात्र अकरापर्यंत झोप. दुसरी गोष्ट अंगावर काटा आणणारी होती. एकवीस दिवसांपैकी सोळा दिवस त्याच्या पोटात डोकेदुखीचं औषध गेलं होतं. सकाळी शाळेआधी आई द्यायची, 'दुखू नये म्हणून'. संध्याकाळी बाप द्यायचा, 'दुखतंय म्हणून'. दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या. एकाने दिलेलं दुसऱ्याला माहीत नाही. कुणाची चूक म्हणायची? पोराचा कळवळाच तो.

तिसरी गोष्ट वहीत नव्हती. एका गुरुवारी तो शाळेतून आला आणि दिसेनासा झाला. शोधत गेले तर दाराजवळच्या कोट टांगायच्या कपाटात, आत अंधारात, कोटांच्या मधे बसलेला. डोक्याला बापाचा मफलर आवळून बांधलेला. मी दार उघडलं तसा म्हणाला, "आजी, उजेड नको." थोड्या वेळाने त्याने उलटी केली, दोन तास गाढ झोपला आणि उठून म्हणाला, भूक लागली.

मी तिथेच जमिनीवर बसले. कारण त्या कपाटात मी पुट्टाला पाहत नव्हते, मला पाहत होते. आमच्या शहापूरच्या जुन्या घरात कोठीची खोली होती. तांदळाच्या पोत्याला टेकून, डोक्याला सासूबाईंचं जुनं लुगडं बांधून मी तशीच बसायची. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. मग उलटी, मग झोप, मग सगळं स्वच्छ. मुलं दार वाजवायची तेव्हा हे सांगायचे, "आईला पित्त झालंय."

ते पित्त नव्हतं. ती अर्धशिशी होती आणि मला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. 1979 मध्ये माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीने बजावलं, "अर्धशिशीचं नाव काढू नकोस. विचारलं तर पित्त म्हण. पित्त सगळ्यांनाच असतं." मी म्हटलं पित्त. इतकी वर्षं म्हटलं की शेवटी मलाही तेच वाटू लागलं. सूनबाईने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले असं मला जाणवलंसुद्धा नाही. आमच्याकडे मायग्रेन नाही, पित्त आहे!

त्या रात्री भांडी आवरताना मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "अत्ती, आमच्या अव्वालाही महिन्यातून एकदा तलीब्यानी येते. ती ऊन लागलं म्हणते." लगेच धारवाडला फोन लावला. तिकडे पहाट होती. अज्जीने आधी नाही-नाही म्हटलं आणि मग कबूल केलं, अरेतलेनोवुच आहे ती. दोन घरं, दोन भाषा आणि लपवायची रीत एकच.

डॉक्टरीणबाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. मराठी रकान्यांचं भाषांतर चिरंजीव करत होते. मग त्यांनी पुट्टाला चालायला लावलं, डोळे फिरवायला लावले, मान पुढे वाकवून पाहिली, हसायला लावून चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलतो का ते पाहिलं. विचारलं, झोपेतून डोकेदुखीने उठतो का? पहाटे उलट्या होतात का? एकाचे दोन दिसतात का? आडवं पडलं की वाढतं का? यातलं काही असतं तर त्याच दिवशी दाखल केलं असतं, असं त्या म्हणाल्या.

आणि एक तपासणी त्यांनी आमच्याकडून आग्रहाने करून घेतली, ती डोळ्यांची. नुसता चष्म्याचा नंबर नव्हे, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतल्या पडद्यावरची नस सुजली आहे का, ते पाहायचं. लाइममुळे कधी कधी मुलांच्या डोक्यातला दाब वाढतो आणि गंमत म्हणजे डॉक्सिसायक्लिनमुळेही क्वचित तसंच होतं. रोगानेही डोकं दुखायचं, औषधानेही दुखायचं! तो दाब लक्षात आला नाही तर नजर कायमची जाऊ शकते. तो निकाल येईपर्यंतचे दोन दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. नस स्वच्छ निघाली. उणे पाऊण नंबरचा चष्मा मात्र लागला. फळा दिसायला तो हवाच, पण सगळं दुखणं त्याच्यावर ढकलू नका, अशी तंबी मिळाली.

मग रक्ततपासणीचं काय? त्यांनी समजावलं ते मला फार पटलं. ती तपासणी जंतू शोधत नाही, जंतूंशी लढायला शरीराने उभी केलेली फौज शोधते. शत्रू गेल्यावरही ती फौज महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं छावणीत राहते. छावणी दिसली म्हणजे लढाई चालू आहे असं नव्हे. उपचार पूर्ण झाल्यावर महिनोन्महिने दिलेल्या प्रतिजैविकांचा चाचण्यांमध्ये उपयोग दिसलेला नाही आणि दंडातल्या नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका मात्र खरा असतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नळीचा विचार तिथेच संपला. स्कॅनचीही गरज नाही म्हणाल्या; चिरंजीवांना ते पटायला आणखी दोन दिवस लागले.

निदान झालं ते असं: अंगातली मायग्रेन, तिच्यात उपाशी पोट आणि झोपेचा घोळ, आणि त्यावर रोजच्या औषधाने तयार झालेली नवी डोकेदुखी. महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त, असं काही महिने डोकेदुखीचं औषध घेतलं तर ते औषधच डोकं दुखवायला लागतं. लाइमने ठिणगी टाकली का? मी विचारलं. "टाकली असेल, नसेलही," त्या म्हणाल्या. मला हे उत्तर आवडलं नाही. पण त्यांनी काहीतरी ठोकून दिलं असतं, तर ते तरी आवडलं असतं का?

औषध बंद केल्यावरचे पहिले दहा दिवस वाईट गेले. डोकं जास्तच दुखलं. सूनबाई रात्री दोनदा बाटली हातात घेऊन उभी राहिली आणि मी दोनदा ती तिच्या हातातून काढून घेतली. तेव्हा आम्ही एकमेकींना काय बोललो ते इथे लिहीत नाही. नंतर नियम ठरला: दुखायला लागल्याबरोबर द्यायचं, वजनाप्रमाणे पुरेसं द्यायचं, पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही आणि दिलं की वहीत लिहायचं. सकाळी उप्पीट किंवा थालीपीठ खाल्ल्याशिवाय बस नाही. पाण्याची बाटली शाळेतून रिकामीच परत आली पाहिजे. रविवारीसुद्धा आठला उठायचं. शाळेच्या नर्सबाईंनी अंधाऱ्या खोलीत एक खाट दिली, त्यामुळे घरी पाठवणं थांबलं.

जानेवारीत मी परतले तेव्हा रोजचं दुखणं आठवड्यातून एकदावर आलं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत महिन्यातून एक-दोनदा. अजून येतं. आलं की तो स्वतःच पडदे ओढतो. गोचिडीही तिथेच आहेत. खेळून आला की रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत तपासणी होते, आणि सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. निखारा नाही आणि हळद तर नाहीच.

घरी आल्यावर मी यांना एकदाचं सांगितलं, की ते पित्त कधीच नव्हतं. हे पेपर वाचत होते. चष्मा वर करून म्हणाले, "मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तूच पित्त म्हणायचीस, म्हणून मीही म्हणायचो."

गेल्या रविवारी पुट्टाचा फोन आला. त्याने वहीत आता एक नवा रकाना आखला आहे, 'आजी'. माझं डोकं गेल्या आठवड्यात किती वेळा दुखलं, ते त्याला लिहून घ्यायचं होतं. मी म्हटलं, एकदाच, मंगळवारी.

"उलटी?"

"नाही."

"सकाळी खाल्लं होतंस?"

मंगळवारी माझा उपास होता. मी जरा थांबले, आणि सांगितलं.